गॅससाठी गवत लावायचंय? बेणं नेण्याआधी हे वाचा

पूर्वी आमच्या रोपवाटिकेत येणारा शेतकरी विचारायचा, "हे गवत खाऊन म्हैस दुधाला किती वाढेल?" आता निम्मे लोक विचारतात, "दादा, हे गॅसच्या कंपनीला चालतं का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर दोन शब्दांत होत नाही, म्हणून हे पत्रक छापलं आहे.

आम्ही संकरित नेपियरचं बेणं विकतो. हत्तीगवत आणि बाजरी यांच्या संकरातून हे गवत तयार झालं. त्याला रुजणारं बी धरत नाही, लावण कांडीने किंवा मुळ्या असलेल्या ठोंबाने करावी लागते. एकदा लावलं की तीन-चार वर्षं कापत राहायचं. दरवर्षी नांगरट नाही, पेरणी नाही. ऊर्जेसाठी बहुवर्षीय गवतांकडे सगळं जग वळतंय त्यामागचं मोठं कारण हेच.

एक गोष्ट आधी सांगतो. मागे एका गिऱ्हाइकाने आमच्याकडून चार एकरांचं बेणं नेलं. तालुक्यात गॅसचा प्रकल्प येणार, सगळं गवत जागेवरून उचलणार, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. नोंदणीचे पैसेही त्यांनी भरले होते. प्रकल्प आला नाही. गवत मात्र जोमात आलं, डोक्याच्या वर गेलं, वाळलं, आणि शेवटी पदरचे पैसे खर्चून त्यांनी ते मोडलं. बेणं देताना आम्ही त्यांना एवढंही विचारलं नव्हतं, की गवत देणार कुणाला. तो दोष आमचा. आता बेणं नेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे पहिल्यांदा विचारतो.

गवतातून गॅस निघतो कसा

गोबरगॅस आपल्याला माहीत आहे. तत्त्व तेच. हवा न लागणाऱ्या बंद टाकीत जिवाणू गवत कुजवतात आणि त्यातून बायोगॅस निघतो. त्यात साधारण ५५ ते ६० टक्के मिथेन असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो आणि गंधकाचा वायू काढून टाकून, मिथेन ९० टक्क्यांच्या वर नेऊन गॅस दाबाखाली भरला, की त्याला सीबीजी म्हणतात. सीएनजीवर चालणारी गाडी त्याच्यावर चालते.

जिवाणूंना गवताचा सगळा भाग पचत नाही. कांडी जून होऊन तिच्यात लाकूडपणा आला, की तो भाग टाकीतून तसाच बाहेर पडतो. त्यामुळे गवत जितकं उंच तितका गॅस जास्त, हा हिशोब चुकीचा आहे. फार कोवळं कापलं तर आत नुसतं पाणी, फार जून कापलं तर काड्या. ६० ते ७५ दिवसांची कापणी मधली आणि सोयीची. ९० दिवसांच्या पुढे ठेवू नका.

एक टन ताज्या गवतात सुमारे ८०० किलो पाणीच असतं. उरलेल्या २०० किलोंतून साधारण ८० ते १०० घनमीटर बायोगॅस मिळतो आणि तो शुद्ध केला की तीस-पस्तीस किलो सीबीजी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

"घरच्या गोबरगॅसमध्ये हे गवत टाकू का?" असं बरेच जण विचारतात. टाकू नका. लांब तंतू वर तरंगतात, त्यांचा जाड थर धरतो, गॅस वर येत नाही आणि शेवटी टाकी उपसावी लागते. गवताच्या प्रकल्पात कडबाकुट्टीपेक्षाही बारीक तुकडे करणारी यंत्रं आणि टाकीत सतत ढवळणारे पंखे असतात. घरच्या टाकीला शेणच बरं. गवत जनावराला घाला, शेण टाकीत घाला.

परदेशातली गवतं इथे का नकोत

मोबाइलवर मिस्कॅन्थस आणि स्विचग्रासचे व्हिडिओ पाहून काही तरुण मुलं ती मागायला येतात. स्विचग्रास अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातलं. १९९०च्या दशकात तिथल्या सरकारने ऊर्जापिकांच्या संशोधनात त्यालाच पुढे केलं. युरोपात लावतात ते मिस्कॅन्थस मूळचं जपानकडचं, १९३०च्या दशकात डेन्मार्कमध्ये गेलं. पण तिकडची रीत वेगळी आहे. थंडीत गवत उभ्याने वाळतं, हिवाळा सरताना वर्षातून एकदाच कापतात आणि कोरडं जाळतात. गळालेल्या पानांतली आणि मुळांत परत गेलेली अन्नद्रव्यं शेतातच राहतात. आपल्याकडे गवत वाळायला लावणारी तशी थंडी पडत नाही आणि ऐन वाढीच्या दिवसांत पाऊस असतो. इथे ओलं गवत कापून ओलंच वापरणं सोयीचं, आणि त्यासाठी टाकीच योग्य. नेपियर वाळवून पेलेट (जाळायच्या दाबलेल्या कांड्या) करतो म्हणणारेही भेटतील. वाळवायचा खर्च त्यांना विचारा. शिवाय ह्या गवतात पालाश आणि क्लोरीन भरपूर असतं, त्याने भट्टीत राख चिकटते.

जाळायचंच किंवा इथेनॉल करायचं असेल तर बांबू आहे. तोही गवतच. आसामात नुमालीगढला बांबूपासून इथेनॉल काढायचा कारखाना उभा राहिला आहे. तो विषय वेगळा, आणि बांबूची रोपं आम्ही ठेवत नाही.

एकरी किती

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

चांगली जमीन, वेळेवर पाणी आणि भरपूर खत असेल तर संकरित नेपियर हेक्टरी १५० ते २०० टन हिरवा चारा देतं. म्हणजे एकरी ६० ते ८० टन. जाहिरातींत "एकरी २०० टन" लिहिलेलं असतं. एकरी २०० म्हणजे हेक्टरी ५०० टन, त्यातला कोरडा भाग १०० टन. पोर्टो रिको बेटावर १९५०च्या दशकात ह्याच गवतावर प्रयोग झाले होते. हेक्टरी जवळजवळ ९०० किलो नत्र घालून, बारमाही उष्ण पावसाळी हवेत, तिथे सुमारे ८५ टन कोरडा चारा निघाला, आणि जगात तो विक्रमी म्हणून सांगितला जातो. आपल्या मुरमाड रानात, भारनियमनातून मिळेल त्या पाण्यावर त्याहून जास्त कसं निघेल? असा आकडा कुणी सांगितला, तर त्याच्याकडून बेणं घेऊ नका. आमच्याच माणसाने सांगितला तरी घेऊ नका.

हिशोब मांडताना एकरी ४० टन धरा. जास्त आलं तर आनंदच.

वर्षभर सारखं गवत निघत नाही, हेही आधीच समजून घ्या. जून ते ऑक्टोबर ते हाताबाहेर वाढतं. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा गारठा पडला, की वाढ मंदावते, दीड महिन्याची कापणी अडीच महिन्यांवर जाते. उन्हाळ्यात पाणी असेल तर वाढतं, नसेल तर नुसतं जिवंत राहतं. "कमी पाण्यावर येतं" म्हणतात त्याचा खरा अर्थ एवढाच: कमी पाण्यावर ते मरत नाही. टनाने गवत हवं असेल तर उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावंच लागतं.

गवत कुणाला आणि किती लांब

सीबीजीची मागणी खोटी नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८मध्ये "सतत" योजना सुरू केली, तेव्हा पाच हजार प्रकल्पांचं लक्ष्य ठेवलं होतं. शहरांत घरगुती आणि वाहनांचा गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांवर आता ठरावीक वाटा सीबीजीचा ठेवायचं बंधन आहे: २०२५-२६ साठी १ टक्का, पुढे ३, मग ४, आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. आपल्या भागात ह्या प्रकल्पांचा मुख्य कच्चा माल साखर कारखान्यांचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळताना उरणारा गाळ. पण गळीत हंगाम संपला की ताजा प्रेसमड बंद, आणि साठवलेल्यातला गॅस हळूहळू कमी होत जातो. पावसाळ्यात टाक्यांना खायला घालायला काहीतरी लागतं, आणि नेपियर नेमकं तेव्हाच भरात असतं. गवताची खरी जागा इथे आहे असं आम्हाला वाटतं. नुसत्या गवतावर चालणारा प्रकल्प कुणी सांगत असेल, तर पुढचा हिशोब त्याच्यासमोर मांडा.

दिवसाला ५ टन सीबीजी काढायला रोज साधारण १५० टन गवत लागतं. वर्षाचे ३६० दिवस धरले तर ५४,००० टन. एकरी ४० टनांनी ते साडेतेराशे एकर होतात. एवढी लावण प्रकल्पाच्या आसपास आहे का? नसेल तर कंपनी लांबून आणणार. लांबून म्हणजे ट्रॉलीत पाच भागांपैकी चार भाग पाणी वाहायचं. १५-२० किलोमीटरच्या पुढे हे गवत कुणालाच परवडत नाही, कंपनी काहीही म्हणो.

मांडणी कळावी म्हणून काही आकडे धरून पाहू. दर टनाला १,००० रुपये. ४० टनांचे ४०,०००. कापणी आणि भरणी टनाला ३०० धरली तर १२,००० गेले. वाहतूक टनाला २०० धरली तर ८,००० गेले. हातात २०,००० राहिले, त्यातून खत, पाणी, वीज. तुमच्या गावची मजुरी आणि भाडं घालून हे पुन्हा करा. दर शेतातल्या जागेचा आहे की कारखान्याच्या दारातला, ह्या एका शब्दावर निम्मा नफा अवलंबून आहे.

"ऊस मोडून गवत लावू का?" असंही विचारतात. उसाला कायद्याने ठरलेली रास्त व किफायतशीर किंमत आहे, २०२५-२६ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये. गवताला असं कोणतंही संरक्षण नाही. ओलिताखालची, ऊस किंवा भाजीपाला देणारी जमीन गॅसच्या भरवशावर गवताखाली घालू नका, आम्ही तरी घालणार नाही. ओढ्याकाठची पट्टी, विहिरीजवळचा तुकडा, पोल्ट्री-गोठ्याचं सांडपाणी जिथे जातं ती जागा, पाटालगतचं रान अशा जागी गवत शोभतं. पाणी साचून राहतं तिथे मात्र नको, ठोंब कुजतात.

करार कागदावर घ्या आणि घरी आणून वाचा. गवत कुणी कापायचं? किती दिवसांचं झाल्यावर? वजन कुठल्या काट्यावर आणि किती वाजता? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण सकाळी कापलेलं गवत संध्याकाळपर्यंत उन्हात सुकून चांगलंच हलकं होतं, आणि तेवढं पाणी तुमच्या बिलातून जातं. माती लागली म्हणून घट धरणार का? प्रकल्प महिनाभर दुरुस्तीला बंद पडला तर उभ्या गवताचं काय? पैसे किती दिवसांत? दुसऱ्याला विकायची मोकळीक आहे का? आणि सभासद फी, नोंदणी फी, अनामत अशा कोणत्याही नावाने तुमच्याकडूनच आधी पैसे मागत असतील, तर तिथून उठा.

स्लरी परत आणा

ह्या पत्रकातलं दुसरं काही नाही वाचलं तरी चालेल, एवढं वाचा.

एक टन हिरव्या गवताबरोबर शेतातून अडीच ते तीन किलो नत्र आणि चार किलोंच्या वर पालाश निघून जातो. ४० टनांना हिशोब करा: युरियाच्या पाच गोण्यांएवढं नत्र आणि पोटॅशच्या सहा गोण्यांएवढा पालाश, दर वर्षी, दर एकरी. आपण बहुतेक जण युरिया टाकतो आणि पोटॅश विसरतो. पहिली दोन वर्षं काही कळत नाही, काळी जमीन देत राहते. तिसऱ्या वर्षी पानांच्या कडा करपतात, फुटवे बारीक येतात, आणि लोक आम्हाला फोन करून म्हणतात की बेणं खराब होतं.

गॅसमध्ये जातो तो कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. नत्र, स्फुरद, पालाश गॅसमध्ये जात नाहीत, जवळजवळ सगळे टाकीतून बाहेर पडणाऱ्या स्लरीत राहतात. म्हणजे तुमच्या शेतातून गेलेलं सोनं प्रकल्पाच्या मागच्या दाराला पडलेलं असतं. ते परत आलं तर हे पीक जमिनीला जाचत नाही. नाही आलं, तर आपण गॅस विकत नसून जमीन विकत आहोत. कंपनीला हे खत स्वतंत्र विकता येतं, त्याच्या विक्रीला सरकारने २०२३मध्ये टनामागे १,५०० रुपये मदतही जाहीर केली, त्यामुळे मागितल्याशिवाय ते तुम्हाला कुणी देणार नाही. गवत घेऊन गेलेली ट्रॉली रिकामी परत येते. ती स्लरीचं खत भरून यावी, असं करारातच लिहून घ्या. दहा-बारा शेतकऱ्यांनी मिळून मागितलं तर नाही म्हणणं कुणालाही जड जातं.

लावण आणि कापणी

लावण जून-जुलैत सगळ्यात चांगली. पाणी असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येही चालते. एकरी १० टन शेणखत घालून ९० सेंटीमीटरवर सऱ्या पाडा, सरीत ६० सेंटीमीटरवर दोन डोळ्यांची कांडी तिरपी लावा, एक डोळा मातीत आणि एक वर. ह्या अंतराने एकराला साडेसात हजार कांड्या लागतात. लावणीबरोबर एकरी २० किलो नत्र, २० किलो स्फुरद, १६ किलो पालाश द्या. तीन आठवड्यांनी नांग्या भरा, म्हणजे न फुटलेल्या जागी नवी कांडी लावा. पहिल्या दीड महिन्यात एक-दोन खुरपण्या झाल्याच पाहिजेत, कारण त्यानंतर गवतच तणाला वर येऊ देत नाही, पण तोवर ते लेकरासारखं असतं.

पहिली कापणी अडीच महिन्यांनी. कोयता धारदार हवा आणि काप जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटरवर एका घावात. उंच ठेवलं तर वरच्या डोळ्यांतून किडके फुटवे येतात, फाडलं तर ठोंब सडतो. प्रत्येक कापणीनंतर एक पाणी आणि एकरी पाऊण ते एक गोणी युरिया, किंवा त्याऐवजी स्लरी. सगळं रान एकदम कापू नका. सहा तुकडे पाडा आणि आठवडा-दहा दिवसांच्या अंतराने एकेक कापा. पावसात ओल्या रानात भरलेला ट्रॅक्टर ठोंबांवरून घालू नका, वाफसा येईपर्यंत थांबा. चाकाखाली दबलेला ठोंब परत नीट फुटत नाही.

बांधाच्या अगदी कडेला लावू नका. हे गवत माणसाच्या डोक्यावर जातं, शेजाऱ्याच्या पिकावर सावली पडते आणि वर्षानुवर्षांचे संबंध बिघडतात. जुन्नर, शिरूर, संगमनेरकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको: उसात बिबट्या लपतो तसा इथेही लपेल. घराजवळ, गोठ्याजवळ, मुलांच्या शाळेच्या वाटेवर दाट गवत नको. आणि उद्या मोडायचं ठरवलं तर रोटर मारून भागत नाही, ठोंब उपटून, वेचून बाहेर काढावे लागतात.

कोणती जात

गॅसचं गिऱ्हाईक गेलं तर गवत जनावरांना घालता आलं पाहिजे, ह्या एकाच कसोटीवर आम्ही जाती ठेवतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले जयवंत, उरुळी कांचनच्या बायफ संस्थेची बीएनएच-१०, आणि कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाची सीओ-५. तिन्ही पालेदार, मऊ. "सुपर नेपियर" नावाने विकतात ते थायलंडमधल्या पाक चोंगचं. वाईट नाही, जोमदार आहे, पण त्या नावाखाली कुणी काय विकतं ह्याचा भरवसा नसल्याने आम्ही ते ठेवत नाही.

जनावरांना घालताना ४५ ते ६० दिवसांचं कापा, कुट्टी करा आणि लसूणघासासारख्या द्विदल चाऱ्यात मिसळा. नेपियरमध्ये ऑक्झलेट असतं, ते अंगातला कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून नुसतं हेच गवत महिनोन्महिने घालू नये आणि खनिज मिश्रण चालू ठेवावं. युरिया टाकल्यावर लगेच कापून कधीच घालू नका. जास्तीचं गवत पावसाळ्यात मुरघास करून ठेवता येतं.

आमच्याकडून बेणं नेताना

पहिल्यांदा लावणाऱ्याला आम्ही पाच गुंठ्यांचंच बेणं देतो, म्हणजे साधारण ९५० कांड्या. एवढ्यातून वर्षभरात तुमचं तुम्हालाच एकराहून जास्त बेणं तयार होतं आणि तोवर प्रकल्प खरा की खोटा हेही कळतं. सगळ्या कांड्या तीन महिने वयाच्या, खालच्या दोन तृतीयांश भागातल्या असतात. शेंड्याकडच्या आम्ही काढून टाकतो. एप्रिल-मेमध्ये बेणं देणं आम्ही बंद केलं आहे, कारण एका उन्हाळ्यात दिलेल्या कांड्या वाटेतच सुकल्या आणि निम्म्याही फुटल्या नाहीत. त्या शेतकऱ्यांना पावसाळ्यात बदलून दिलं, पण त्यांचा हंगाम गेला तो गेलाच.

सकाळी दहाच्या आत या. येताना बारदान भिजवून आणा, बंद गाडीच्या डिकीत कांड्या भरू नका, आणि नेल्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी लावा. राहिल्याच तर सावलीत ओल्या पाचटाखाली ठेवा, डोळे वरच्या बाजूला. कराराचा कागद सोबत असेल तर तोही आणा, आम्ही तुमच्याबरोबर बसून वाचू, त्याचे पैसे लागत नाहीत.